वीतभर सरकलेला खिळा

आम्रपाली ढोकेचं लूप तिसऱ्या दिवशीही बंद झालं नाही. तिनं डोक्यावरची टोपी काढली, कसबा पेठेतल्या एका मिटलेल्या दुकानाच्या पायरीवर बसकण मारली आणि समोरच्या मशीनकडे असं काही पाहिलं, की त्याला तोंड असतं तर बिचाऱ्यानं माफीच मागितली असती.

लूप म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढची गंमत वाया जायची. मोजणीवाला माणूस रस्त्यात एक खिळा ठोकतो. त्यावर तीन पायांचं मशीन उभं करून पुढचा खिळा मोजतो. मग मशीन त्या पुढच्या खिळ्यावर न्यायचं, तिथून त्याच्या पुढचा मोजायचा, आणि असं गल्लीबोळ फिरत पुन्हा पहिल्या खिळ्यावर यायचं. पायांनी तर कोणीही परत येईल, पण आकड्यांनीही नेमकं तिथंच यायला हवं. आकडे जर म्हणाले, की बाई, तुम्ही शेजारच्या गटारात उभ्या आहात, तर लूप उघडं राहिलं आणि सगळं काम मुसळ केरात. आम्रपालीला आकड्यांनी सोमवारी वीतभर डावीकडे सोडलं, मंगळवारी वीतभर उजवीकडे आणि आज बुधवारी पुन्हा डावीकडे.

"मॅडम, मशीन बिघडलं असंल," कचरू म्हणाला. कचरू म्हणजे समोरच्या खिळ्यावर आरशाची काठी धरून उभा राहणारा तिचा जोडीदार. पन्नाशीचा गडी, रोज कात्रजच्या पलीकडून यायचा, आणि काठी धरताना देवळाचा खांबही लाजेल इतका सरळ उभा राहायचा.

"बिघडलं असतं तर रोज एकाच बाजूला चुकलं असतं न," आम्रपाली म्हणाली. "हे कधी इकडं, कधी तिकडं. काहून असं होते?"

इतकी वर्षं पुण्यात काढून तिची भाषा चांगली पुणेरी झाली होती, पण जीव टांगणीला लागला की पोटातलं वऱ्हाड ओठावर यायचं. आणि जीव टांगणीला लागायला कारण तसंच होतं.

तिच्या कंपनीचं ऑफिस बुधवार पेठेत, टेपरेकॉर्डर आणि वायरींच्या दुकानांच्या डोक्यावर. आयटीची लाट ऐन भरात होती. ऑफिसातली पोरंपोरी दिवसभर संगणकासमोर बसून परदेशातल्या गावांचे नकाशे काढायची. तिथल्या योगेशला हॉलंडमधल्या कुठल्याशा गावाची गटारं तोंडपाठ होती, पण स्वतःच्या मावशीचं घर नारायण पेठेत त्याला सापडायचं नाही. अशा या कंपनीला पहिल्यांदाच पुण्याच्या जुन्या पेठांचा नकाशा करायचं काम मिळालं, आणि उन्हात उतरून मोजणारं माणूस हवं झालं. इतर सगळे एसीला घट्ट चिकटून बसले. आम्रपाली एकटी उठली.

तिनं शिक्षणच मोजणीचं घेतलं होतं हो. वडील भीमराव ढोके वर्ध्याला पोस्टात. मुलीनं सर्व्हेयर व्हायचं म्हटल्यावर नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली होती, तरी त्यांनी तिला शिकवलं. आणि पुण्यात येऊन ती करत काय होती, तर माउस फिरवत होती. रस्त्यावर मशीन लावलं की तिला जे वाटायचं, ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, पण कचरूला दिसायचं. दुर्बिणीला डोळा लावला की पोरीच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरायचा, की त्याला बघूनच बरं वाटायचं.

तिचे वरिष्ठ अनिरुद्ध सर मात्र साशंक होते. माणूस वाईट नव्हता. स्वतः मोजणी करत करतच वर आला होता. पण या पेठांना तो ओळखून होता. पत्ता विचारला तर पत्त्याआधी आपलीच अक्कल काढणारी माणसं, तिथं ही मुलगी रस्त्यात खिळे ठोकणार. त्यानं एकच अट घातली होती. या आठवड्यात पहिलं लूप बंद झालं तर सगळ्या पेठा तुमच्या. नाही झालं तर सोमवारपासून पुन्हा संगणक, आणि मोजणीला दुसऱ्या कंपनीची माणसं. योगेशनं तिला हळूच सुचवलंही होतं, की फरक सगळ्या खिळ्यांवर थोडा थोडा वाटून टाक, संगणक मिनिटात जुळवून देतो, कोणाला कळतंय. तिनं त्याला सांगितलं, की मला कळतं ना.

आता आपण त्या आळीकडे वळू, कारण घोळ तिथंच होता.

आळी होती तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची. सकाळी उजाडलं की ठोके सुरू, ते थेट जेवणाच्या वेळेपर्यंत. जेवणं झाली की सगळं चिडीचूप. ती आळीची झोपेची वेळ. सकाळभर कान किटवणारी ती आळी दुपारी कोणी मोठ्यानं खोकलं तरी खिडकीतून डोकं काढून "तब्येत बरी नसेल तर घरी झोपा" असं सांगायची. आम्रपालीनं ही रीत पहिल्याच दिवशी मान्य केली. सकाळी अलीकडच्या चौकातून आळीतला खिळा मोजायचा, मग दुपारी मशीन गुंडाळून निघून जायचं, आणि चहाच्या वेळेला परत येऊन त्या खिळ्यावर मशीन लावून पुढं जायचं. लोकांची झोप मोडायची नाही, हा तिचा चांगुलपणा. आणि तोच तिला नडत होता.

दुसरी चूक कचरूची. खिळा ओळखू यावा म्हणून भोवती रंगाचं गोल करतात. पांढरा रंग संपला होता, म्हणून त्यानं लांबून दिसंल असा लालभडक आणला. आता रस्त्यावर लाल खूण आणि वर तिपाईवर मशीन म्हटल्यावर आळीनं जे समजायचं तेच समजलं. रस्ता रुंदी आली. हा खिळा म्हणजे नव्या रस्त्याची मधली रेघ. ज्या बाजूला खिळा जवळ, त्या बाजूचं घर जास्त कापलं जाणार.

दुसऱ्या कुठल्या गावात मोर्चा निघाला असता. इथं कोणी चकार शब्द काढला नाही.

गुरुवारी आम्रपालीनं ठरवलं, की आज दुपारी आळी सोडायची नाही. खिळ्याच्या डाव्या हाताला कोंडीराम तांबटांचं दुकान होतं. त्यांची बायको मालनबाई मोठी मायाळू. उन्हात ही पोर करपते म्हणून तिला रोज ताक द्यायची. आज डोकं दुखतंय, जरा सावलीत बसते, असं आम्रपालीनं सांगताच मालनबाईंनी ओट्यावर चटई टाकली आणि नुसतं बसायचं नाही, झोपायचं, असं बजावून आत गेल्या. आम्रपाली आडवी झाली, टोपी तोंडावर घेतली आणि टोपीच्या कडेखालून खिळ्यावर नजर लावून पडून राहिली.

ठोके थांबले. शेवटचा रेडिओ बंद झाला. मग दुकानाचं दार करकरणार होतं, पण करकरलं नाही, कारण बिजागरीला तेल घातलेलं होतं. कोंडीराम अनवाणी बाहेर आले. हातात पकड आणि फडकं गुंडाळलेली लाकडी हातोडी. खाली वाकून त्यांनी खिळा असा उपटला, की काटाही इतक्या हलक्या हातानं कोणी काढणार नाही. वीतभर पलीकडे, समोरच्या घराच्या बाजूला, दोन फरशांच्या फटीत तो बसवला. जुन्या भोकात राळ भरली, वर धूळ चोळली, पहिलं गोल खरवडून नवं काढलं आणि हात पुसत आत जाऊन झोपले.

आम्रपाली उठणार, तोच समोरचं दार उघडलं. तिथं चंद्रभागाबाईंचं पापडांचं दुकान होतं. सत्तरी ओलांडलेली बाई, एरवी गुडघे धरून चालायची. आत्ता मात्र पदर खोचून, एका हातात पकड आणि दुसऱ्या हातात जुनेराचा तुकडा बांधलेला वरवंटा घेऊन ती मांजरीच्या पावलांनी आली. खिळा उपटला. कोंडीरामच्या बाजूला वीतभर नाही, दोन वीत सरकवला. मोकळ्या भोकात उडदाच्या पिठाचा गोळा दाबला. पापडाचं पीठ वाळलं की दगड होतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? लाल रंगाची डबी तिच्याही कनवटीला होती.

आम्रपालीचा आधी संताप झाला. तीन दिवस उन्हात जिवाचं रान केलं, स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला, घरी फोनवर रडली, आणि इथं हा उद्योग! मग तिला हसू फुटलं, आणि मग त्या दोघांचं कौतुकच वाटलं. खिळा गल्लीला आडवा सरकवला, की मागच्या खिळ्यापर्यंतचं अंतर तेवढंच राहतं, फक्त दिशा बदलते. म्हणून तर मशीनवर तिला काही कळत नव्हतं. हे त्या दोघांना माहीत असायचं कारण नव्हतं, पण भल्याभल्या मोजणीवाल्याला चकवील असं काम त्यांनी फडक्यात गुंडाळलेल्या हातोडीनं केलं होतं.

तिनं दुपार पुरी होऊ दिली. चहा आला तेव्हा तिनं कोंडीरामना सरळ विचारलं, की काका, खिळा कोण सरकवतं?

"आमच्या आळीत दुपारी कोणी जागं नसतं," कोंडीराम बशीत चहा ओतत म्हणाले. "तुम्ही जाग्या होतात, म्हणजे नियम तुम्ही मोडलात."

"मी मोडला, काका. आता सांगा."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रस्ता वीतभर इकडे आला तर ऐरण रस्त्यावर जाते, आणि ती ऐरण कोंडीरामच्या वडिलांनी बसवलेली. चंद्रभागाबाईही आल्या. त्यांचं म्हणणं, वीतभर तिकडे गेला तर पापड वाळवायचा ओटा जातो, आणि त्या ओट्यावर त्यांनी एकटीनं तीन लेकी वाढवल्या. आम्रपालीनं दोघांना परोपरीनं समजावलं, की ही रुंदी नाही, नकाशा आहे, खिळा म्हणजे फक्त मशीन उभं करायची जागा. तो कुठेही चालेल, मात्र एकदा ठोकला की हलता कामा नये. तिनं आजींना दुर्बिणीतून बघायला लावलं. आजींनी आळीच्या टोकाचा लाँड्रीचा फलक वाचला, त्यातली शुद्धलेखनाची चूक सांगितली आणि मशीन चांगलं आहे असा शेरा दिला. पण रुंदीचं काही त्यांच्या गळी उतरलं नाही. असं सगळेच म्हणतात, असं त्या म्हणाल्या.

"बरं, रुंदी आहे असंच धरा," आम्रपाली म्हणाली. "मग खिळा बरोबर मधोमध ठोकू या. तुम्ही दोघांनी मिळून."

झालं. आळीचा मध्य काढायला अख्खी आळी लोटली. कोंडीरामनी सुतळी आणली. एक टोक त्यांच्या उंबऱ्याला, दुसरं आजींच्या, आणि मग दुमडून निम्मी. पण उंबरा कुठून सुरू होतो यावर एवढी जुंपली, की कचरूनं मधल्या वेळात दोनदा चहा घेतला. शेवटी मध्य निघाला. साधा खिळा कोंडीरामना पसंत पडेना. त्यांनी जाड डोक्याचा तांब्याचा खिळा घडवला, घासून लखलखीत केला आणि स्वतःच्या हातानं ठोकला. त्यानंतर त्या खिळ्याला हात लावायची कोणाची छाती झाली नाही, कारण दोन्ही बाजूंची दारं एकमेकांवर डोळा ठेवून होती.

शुक्रवारी लूप बंद झालं. आणि असं बंद झालं, की नखभरही फरक नाही. कचरूनं काठी खाली ठेवून मॅडमला नमस्कार केला. आम्रपाली कागद घेऊन जवळजवळ पळतच ऑफिसात गेली.

अनिरुद्ध सरांनी कागद पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. तीन दिवस वीतभर फरक, आणि आज काहीच नाही. मग त्यांनी चोरून योगेशकडे पाहिलं, योगेशनं मान खाली घातली, आणि तिथंच माशी शिंकली.

"आम्रपाली, जुळवलंत का?"

जिनं जुळवायला नाही म्हटलं, तिलाच हा प्रश्न. तिनं नाही म्हणून सांगितलं. सर म्हणाले, की माझा विश्वास आहे तुमच्यावर, पण उद्या मी स्वतः मोजतो. माझं बंद झालं तर प्रश्नच मिटला. अविश्वास दाखवायची पुण्यात हीच सभ्य पद्धत आहे. जाताना तिनं आळीत डोकावून मालनबाईंना सांगितलं, की उद्या साहेब येताहेत, त्यांच्या मोजणीवर माझं सगळं अवलंबून आहे. मालनबाईंनी ते नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं समोर जाऊन चंद्रभागाबाईंना, आणि दोघांनी मिळून त्याचा जो अर्थ काढला तो असा, की साहेब पोरीचं काम काढून घ्यायला येतोय. त्याचं माप चुकलं की तो तोंड काळं करील आणि पोर राहील.

शनिवारी सर आले. काम बघण्यासारखं केलं त्यांनी, खोटं कशाला बोला. इतकी वर्षं खुर्चीत घालवूनही हात बसलेला होता. आम्रपालीनं कशाला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं, म्हणून ती कचरूजवळ उभी होती. सकाळी आळीतला खिळा मोजून झाला. दुपारी सर तिला आणि कचरूला घेऊन जेवायला गेले. परत येऊन त्यांनी तांब्याच्या खिळ्यावर मशीन लावलं, लूप पुरं केलं आणि हिशेब करायला पुन्हा आळीत येऊन कोंडीरामच्या ओट्यावर टेकले.

लूप वीतभर उघडं राहिलं.

"हे बघा," सर हळू आवाजात म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "माझ्याकडून फार तर बोटभर चूक होईल. वीतभर नाही. तुमचं कालचं मग कसं जुळलं?"

आम्रपालीनं खिळ्याकडे पाहिलं. मग कोंडीरामकडे पाहिलं. ते आकाशात काहीतरी शोधत होते. चंद्रभागाबाई पापड मोजत होत्या, आणि त्यांच्या पुढ्यात पापड नव्हते. पोरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एक वाक्य बोलली असती तर ती सुटली असती. पण सरांनी मग त्या दोघांना सोडलं नसतं. कामात अडथळा म्हणून प्रकरण कुठल्या कुठे गेलं असतं. आणि त्यांनी केलं होतं ते तिच्यासाठीच. एकमेकांचं तोंड न बघणारी ही दोन माणसं तिच्यासाठी एका खिळ्यावर वाकली होती.

"मी सोमवारपासून ऑफिसात बसते, सर," ती म्हणाली.

मालनबाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. कोंडीरामनी समोर पाहिलं. चंद्रभागाबाई पदर सावरत उठल्या आणि रस्त्याच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, तिचं माप बरोबर होतं. तुमचंही बरोबर असेल. खिळा आम्ही सरकवला. मी पकड धरली, यांनी ठोकला."

"तुम्ही? कशासाठी?"

"तुमचं चुकावं म्हणून," कोंडीराम म्हणाले. "तिचंच चुकल्यासारखं होईल, हे डोक्यात आलं नाही. आम्ही भांडी घडवतो, साहेब. डावपेच आमचा धंदा नाही."

सर उठले. खाली वाकून त्यांनी खिळ्याभोवतीची फरशी बारकाईनं पाहिली, हात फिरवला, गुडघे टेकले. पहिली जागा काही सापडेना. शेवटी कोंडीरामनी अंगठ्यानं धूळ पुसून राळेचा ठिपका दाखवला. सरांनी तो ठिपका पाहिला आणि न राहवून म्हणाले, की काम मात्र सुरेख केलंय. मग मान वर करून त्यांनी आम्रपालीकडे पाहिलं.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"आत्ता कळलं, सर. यांची तोंडं बघितल्यावर."

"मग बोलला का नाहीत? नोकरी... म्हणजे हे सगळं काम हातचं चाललं होतं तुमच्या."

आम्रपालीचे डोळे भरून आले होते, ते तिनं पुसले नाहीत.

"नकाशा पुरा व्हायला वर्ष जाईल, सर. मी नाही तर दुसरं कोणीतरी मशीन घेऊन या आळीत येणार. त्याला यांनी दारात उभं करायला पाहिजे न."

सरांनी गुडघ्यांची धूळ झटकली, मोजणीचे कागद तिच्या हातात दिले आणि कोंडीरामना खिळा जागेवर घालायला सांगितलं. खिळा जागेवर आला. आम्रपालीनं त्यावर मशीन लावलं, दुर्बिणीला डोळा लावला आणि नेहमीप्रमाणे हात वर केला. पण कचरू चहा सांगायला गेला होता, आणि समोर काठी धरायला कोणी नव्हतं. मग खुद्द साहेब काठी उचलून पुढच्या खिळ्याकडे चालू लागले.

"साहेब," चंद्रभागाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "सरळ धरा. बाईंचं काम चालू आहे."